रोटरी कटरच्या चकतीला धार ‘लावावी’ की ‘काढावी’?

साताऱ्यात क्विल्टिंगचे, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवण्याचे, वर्ग घेणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, रोटरी कटर, म्हणजे दांड्याला बसवलेले गोल पाते फिरवत कापड कापायचे हत्यार, कसे वापरावे याचे विद्यार्थिनींसाठी मराठीत सूचनापत्रक तयार करताना त्यांनी ‘ब्लेड बोथट झाल्यास धार काढून घ्यावी’ असे लिहिले, तेव्हा वर्गातील काहींनी ‘धार लावून घ्यावी’ असे हवे म्हणून हरकत घेतली. तर यांतले कोणते रूप योग्य, आणि रोटरी कटरला व त्याच्या ब्लेडला चांगला मराठी शब्द कोणता?

दोन्ही रूपे मराठीत रूढ आहेत. मात्र सातारा-सांगलीकडे ‘धार काढणे’ म्हटले की गाई-म्हशीचे दूध काढणे हाच अर्थ आधी मनात येतो, म्हणून लेखी सूचनेत ‘धार लावणे’ अधिक निःसंदिग्ध ठरते. तरीही या विशिष्ट वाक्यात मला दोन्ही क्रियापदे अयोग्य वाटतात. हत्याराच्या धारेविषयीची आपली क्रियापदे एकमेकांना पर्याय म्हणून आलेली नाहीत, त्या प्रत्येकामागे लोखंडावर होणारी निराळी कृती आहे. झिजलेली कुदळ लोहार भट्टीत तापवून, ठोकून तिचे टोक पुन्हा घडवतो, ते शेवटणे. तापलेले पाते पाण्यात बुडवून कडक करणे म्हणजे पाणी देणे. आणि विळा किंवा कोयता दगडावर घासणे म्हणजे धार लावणे किंवा पाजळणे. (पाजळणे आता बहुतेकांच्या बोलण्यात अकलेपुरते उरले आहे, याची हळहळ वाटते.) हत्यारे घासूनपुसून लखलखीत करण्याला शिकल म्हणत आणि ते काम करणारा तो शिकलगार, सांगली जिल्ह्यात हे आडनाव आजही सर्रास आढळते.

रोटरी कटरच्या पात्यावर यांपैकी कोणतीच कृती सहसा होत नाही. जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये बाजारात आणलेल्या या हत्याराचे पाते गोल, अतिशय पातळ आणि यंत्रावर घासून धार आणलेले असते. सायकलवर सहाण फिरवत गल्लीत येणारा धारवाला कात्रीला उत्तम धार लावून देईल. परंतु ही चकती हाताने घासताना तिचा गोल जरासा जरी बिघडला, तरी कडेचा तेवढा भाग कापडाखाली ठेवलेल्या मॅटला नीट टेकत नाही आणि तिथले धागे कापायचे राहतात. त्यासाठी छोटी घासणयंत्रे मिळतात, आणि ॲल्युमिनियम फॉइलच्या घड्यांवर कटर फिरवण्याचा उपायही सांगितला जातो, पण फॉइलने फार तर धारेवरची बारीक कड किंवा चिकटलेला मळ निघतो, नवी धार येत नाही. तेव्हा पत्रकात ‘चकती बदलावी’ हेच क्रियापद योग्य, आणि बदलण्याची वेळ लांबवायची असेल तर ‘धार राखावी’.

मूळ वाक्यातील ‘बोथट’ या शब्दाकडेही थोडे अधिक लक्ष द्यावे. बोथट होणे म्हणजे सगळी धार सारखी जाणे. अशा वेळी चार थरांतला सर्वांत खालचा थर अख्खा न कापता राहतो आणि हातावर जोर द्यावा लागतो. टाचणीवरून चकती गेली तर धार बोथट होत नाही, तिला खांड, म्हणजे एका जागी खाच, पडते. मग कापड ठरावीक अंतराने एकदोन धाग्यांपुरते जोडलेले राहते: 45 मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ सुमारे 14 सेंटिमीटर असल्यामुळे तो चुकार धागा दर 14 सेंटिमीटरांनी पुन्हा भेटतो. पट्टी ठेवून हे अंतर मोजले की दोष खांडीचा आहे हे लगेच कळते, म्हणून पत्रकात ‘बोथट होणे’ आणि ‘खांड पडणे’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पुष्कळदा चकती यांपैकी कशानेच बिघडलेली नसते. तिच्या व दांड्याच्या मध्ये सुताचे तूस साचलेले असते, किंवा नट इतका आवळलेला असतो की ती फिरण्याऐवजी घसटत जाते आणि एकाच जागी झिजू लागते. तूस पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि नट किंचित सैल केला, की ती पुन्हा चालते.

आता नावाविषयी. करंजीची कड कापणारे कातणे दिसायला याच जातीचे असल्याने तोच शब्द घ्यावा असे कुणालाही वाटेल, परंतु कापडाच्या संदर्भात ‘कातणे’ म्हटले की सूतच आठवते आणि घोटाळा होतो. ‘रोटरी कटर’ हा शब्द शिकणाऱ्यांच्या तोंडी बसलेला आहे, तो तसाच राहू द्यावा. ब्लेडला मात्र ‘चकती’ म्हणावे. क्रियापद ‘कातरणे’ नको, कारण कातरायला कातरीची दोन पाती लागतात. वाकळ शिवणाऱ्या आपल्याकडच्या बायका जुने लुगडे टरकावतात, ठिगळ कातरतात. कटरने आपण कापड कापतो, तेही चकती स्वतःपासून दूर ढकलत आणि प्रत्येक काप संपताच झाकण लावत. ‘चकती’ स्त्रीलिंगी असल्याने ‘उतरवलेली चकती कागदासाठी वेगळी ठेवावी, ती पुन्हा कापडाला लावू नये’ असे लिहावे. ‘ब्लेड’ ठेवायचेच असेल तर ते नपुंसकलिंगी चालवावे आणि ‘उतरवलेले ब्लेड’, ‘ते पुन्हा लावू नये’ अशी रूपे करावीत.