जीमेलमधून उतरवलेल्या एमबॉक्स फाईलमध्ये (सगळे मेल एकाच फाईलमध्ये) ग्रेपला, म्हणजे शब्द शोधणाऱ्या कमांडला, मराठी शब्द सापडत नाहीत. शोधायला शेल स्क्रिप्ट कशी लिहू?

मराठी मेल असतील तर ग्रेपचा नाद सोडा. मजकूर फाईलमध्येच असतो, पण बहुधा बेस६४ मध्ये, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात. तिथे ‘न’ हे अक्षर ‘4 के एस ओ’ अशा चार रोमन चिन्हांत बसतं, आणि आधी एक स्पेस आली की तीही बदलतात. विषयाची ओळसुद्धा अशीच गुंडाळलेली असते. ग्रेप बिचारं काय शोधणार?

आमच्या सोसायटीचं बिल्डरशी दुसऱ्या टाकीवरून वाजलं होतं. टाकी स्वखर्चाने बांधून देतो, असं त्याच्या ऑफिसातून मेलवर आलं होतं. पुढे मीटिंगमध्ये त्याचा माणूस सरळ म्हणाला, "असं आम्ही कधी लिहिलंच नाही." आमच्या खजिनदार काकांचं पहिल्यापासून एकच, कामाच्या मेलची प्रिंट काढून फाईलला लावा, बाकीचे उडवा. नेमका हाच मेल त्यांच्या फाईलला नव्हता. तो आला त्या दिवशी तो कामाचा आहे हे कोणाला कळणार होतं? मी एकही उडवला नव्हता.

तो शोधायला मी ग्रेपऐवजी नॉटमच वापरलं. हा प्रोग्राम मेल उलगडून वाचतो, त्यांची अनुक्रमणिका करतो आणि तीत शोधतो. नॉटमचला एका फाईलमध्ये एकच मेल लागतो, म्हणून एमबी२एमडी या स्क्रिप्टने एमबॉक्सचं मेलडिर (दर मेलची वेगळी फाईल असलेलं फोल्डर) करून घेतलं. मग ‘नॉटमच न्यू’ ही कमांड चालवली. अनुक्रमणिका एकदाच बनते, पुढे नव्या मेलची फक्त भर पडते. ‘पाणी’ शोधलं, तर हा मेल त्यात नाही. कारण मेलमध्ये होतं ‘पाण्याच्या टाकीचे काम’, आणि नॉटमचला मराठीची सामान्यरूपं कळत नाहीत. ‘पाण’ लिहून पुढे तारका दिली, तारखांची मर्यादा घातली, आणि मेल वरच आला. तारका एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेलच ती गिळतो.

स्क्रिप्ट दोन-तीन ओळींची होते. ‘नॉटमच सर्च’ला आउटपुट म्हणून फाईल्स मागा आणि येतील त्या वेगळ्या फोल्डरात कॉपी करा.

तो मेल हेडरसकट समोर ठेवल्यावर टाकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं. काका अजूनही प्रिंटच काढतात. प्रिंटमध्ये मेसेज-आयडी (त्या मेलची स्वतःची खूण) नसतो, मेल कुठल्या सर्व्हरमधून आला त्या ओळी नसतात. समोरचा नाकारायला लागला की त्याच लागतात. म्हणून मेलडिर झालं तरी मूळ एमबॉक्स उडवू नका.

आणि हो, जोडलेल्या पीडीएफच्या आतलं नॉटमच वाचत नाही, फक्त फाईलचं नाव बघतं. तुमचे करार स्कॅन करून आलेले असतील तर त्यासाठी वेगळी सोय करावी लागेल.