वैद्यकीय कीटकशास्त्रज्ञ म्हणून डास नियंत्रणात करिअर कसं असतं? दिवसभर नक्की काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, कीटकशास्त्राकडे वळायचा विचार आहे, पण 'आयुष्यभर डास मारायचे का' असं घरचे विचारतात. 14 वर्षं यातच आहे, म्हणून सांगतो: डास आम्ही मारत नाही. फवारणीवाले वेगळे, आणि त्यांचं काम आमच्यापेक्षा कष्टाचं. आम्ही डास मोजतो आणि मोजून जे निघेल ते सांगतो. यातलं दुसरं काम जास्त अवघड आहे.

सकाळ पाण्याशी जाते. लांब दांड्याचा पांढरा डिपर (पाणी काढायची पळी), टॉर्च, ड्रॉपर, चार-सहा बाटल्या. पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही; पडली की अळ्या सुळकन तळाला. मग गप्प उभं राहायचं, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. वर आल्यावर पृष्ठभागाला लागून आडवी पडली तर ॲनोफिलीस, म्हणजे मलेरियावाला डास. डोकं खाली करून लोंबत राहिली तर क्युलेक्स किंवा एडिस. क्युलेक्सची श्वासनळी लांब, एडिसची आखूड. हा फरक कळला नाही, तर डेंग्यूसाठी लोक गटारं उपसत बसतात. गटारातला डास बहुधा क्युलेक्स असतो. डेंग्यूवाला एडिस इजिप्ती घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो.

एका वस्तीत रुग्ण वाढत होते, दोनदा धूरफवारणी झाली होती, आणि तिसरी करा म्हणून आग्रह चालला होता. धुराने मरतात ते उडते डास, तेही धुरात सापडले तर. पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही नाही. आम्ही चार दिवस घरोघर फिरलो. पिंपं झाकलेली, कुंड्यांच्या ताटल्या कोरड्या. अळ्या निघाल्या फ्रीजमागच्या ट्रेमध्ये आणि बरेच दिवस बंद असलेल्या एका घराच्या फ्लशच्या टाकीत. ट्रे नुसता ओतून भागत नाही, घासावा लागतो. एडिसची अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. हे सांगितल्यावर 'मग धूर कधी करताय?' हाच प्रश्न आला. याची सवय करून घ्या.

दुपारनंतर सूक्ष्मदर्शक. मादीचं अंडाशय सोडवून त्यावरच्या बारीक श्वासनलिकांची वेटोळी उलगडलीत का ते बघायचं. उलगडली असतील तर तिने निदान एकदा अंडी घातलीत, म्हणजे बाई वयस्क आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या लाळेपर्यंत पोहोचायला साधारण 10 दिवस किंवा जास्तच लागतात, त्यामुळे तितकं जगलेली मादीच धोक्याची. दोन गावांत डास सारखेच असले तरी धोका सारखा नसतो, तो यामुळे. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला, तोही असेच डास चिरत बसल्यावर. मान तेव्हाही दुखत असणारच.

माझी एक चूक सांगतो. कीटकनाशक अजून चालतं का हे बघायला माद्या औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवतात आणि 24 तासांनी किती मेल्या ते मोजतात. 98 टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतंय, 90 च्या खाली आलं तर प्रतिकार आलाय. तुलनेसाठी सोबत औषध नसलेल्या कागदाच्या नळ्याही असतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी या चाचणीत माझ्या जवळजवळ सगळ्या माद्या मेल्या. औषध उत्तम! मग साध्या नळ्या मोजल्या, तर त्यातही 50 पैकी 13 गेलेल्या. साखरपाण्याचा कापूस ओला करायला मी विसरलो होतो. साध्या नळ्यांत 20 टक्के मेल्या की चाचणी बाद, म्हणजे तीन आठवडे वाढवलेले डास फुकट. वर सगळे त्या 'उत्तम' आकड्याची वाट बघत होते. तो त्या दिवशी दिला असता तर कुणी विचारलंही नसतं.

बाकी, सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी. साथ आली की निधी, ओसरली की कपात. आरोग्य खाती, संशोधन संस्था, कीटकनाशक कंपन्या, लष्कर असे मार्ग आहेत. संख्याशास्त्र मनापासून शिका, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तपासायची पद्धत) हाताने करायला शिका. अंगात वोल्बाखिया नावाचा जिवाणू असलेले एडिस सोडल्यामुळे इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याच्या चाचणीत डेंग्यू 77 टक्क्यांनी घटला. 2021 चा तो निष्कर्ष पटवता आला तो चाचणीची मांडणी पक्की होती म्हणून.

ठरवण्याआधी एक करून बघा. काळ्या डब्यात अर्धं पाणी घ्या, आत खरखरीत कागदाची पट्टी उभी करा आणि सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांनी पट्टी भिंगाखाली धरा. पाण्याच्या रेषेजवळ तिळाहून बारीक काळे ठिपके दिसले आणि ते मोजत तासभर कसा गेला कळलं नाही, तर या क्षेत्रात या. डबा मात्र आठवड्याच्या आत घासून टाका आणि पट्टी जाळा, नाहीतर शेजाऱ्यांसाठी डास तुम्हीच पाळलेत असं होईल.