जन्मताना वजन कमी असेल तर पुढे बीपी वाढतं का?

शक्यता थोडी वाढते, पण कपाळावर लिहिलेलं नसतं. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत पोटातच तयार होतात. नंतर नवीन बनत नाहीत. बाळाची वाढ खुंटली तर त्या कमी पडतात आणि मीठ बाहेर टाकायला शरीर दाब वाढवतं. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदींवरून जन्मवजन आणि पुढचे हृदयाचे आजार यांतला धागा पकडला. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांना आपली बाळं सरासरी २.७ किलोची, काटकुळी, तरी चरबी राखून असलेली दिसली. म्हणून ‘बारीक राहिलंय’ म्हणत आजी शाळकरी नातवाला तूपसाखर चारत सुटते ना, तिथे जरा हात आवरा. लहान जन्मून पुढे झपाट्याने जाड झालेल्यांना धोका जास्त. वजन वाढलं तर उंचीही वाढतेय ना, तेही बघा.