अ‍ॅप असताना तंबोरा कशाला?

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, दोन वर्षं गाणं शिकते. क्लासमध्ये आणि घरी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवरच रियाज चालतो. सासरे म्हणतात, मिरजेहून खरा तंबोरा आणा. दोन खोल्यांत तो ठेवायचा कुठे? आणि बटण दाबलं की अचूक सूर मिळतो, तर आणायचा तरी कशाला?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, ठेवायचं सोपं आहे. गवसणी घालून कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. माझा बावीस वर्षं तिथेच उभा आहे.

अ‍ॅपला मी नावं ठेवणार नाही. चांगल्या अ‍ॅपमध्ये खऱ्याच तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण असतं, प्रवासात मीही तेच लावते. फक्त मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, जवळजवळ बाहेर पडतच नाही, तेव्हा आजच एखादा बरा स्पीकर जोडा.

पण अचूक सूर आयता मिळतो, हीच माझी तक्रार आहे. माझ्या बाईंनी सुरुवातीला मला नुसत्या खुंट्या पिळायला लावल्या होत्या. पंचम (प) लावायचा, मधल्या जोडीच्या दोन सा-च्या तारा एकमेकींत विरघळेपर्यंत मिळवायच्या, मग खर्ज. त्यानंतर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. तो जागेवर आला की तार झणकारते, केसभर सरकला की मुकी होते. मला भयंकर वैताग यायचा. गाणं शिकायला आले की सुतारकाम? मग एका संध्याकाळी खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू आला. चारांपैकी एकही तार गंधाराची नाही! तार सबंध कंप पावते तशी तिच्या पाचव्या हिश्श्यांतही कंप पावते, त्यातून तो उमटतो. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कानाने कळलं. अ‍ॅपमध्येही तो गंधार असतो, पण शोधावा लागत नाही, म्हणून बहुतेक मुलांना तो ऐकूच येत नाही.

मिरजेला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. मूळचे हत्यारं घडवणारे शिकलगार तिथे वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बायकांचा, लहान आकाराचा तंबोरा मागा, ती कुठल्या सुरात गाते ती पट्टी सांगा आणि जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला झणकार, समोर बसून काढून घ्या. येताना मांडीवर आणा. माझा पहिला भोपळा एसटीच्या टपावर तडकला.

परवडत नसेल तर क्लासमध्ये कुणाचा पडून आहे का विचारा, बहुतेक असतोच. घरी रोज आधी दहा मिनिटं तिनेच तो लावायचा. जमला नाही तर खुशाल अ‍ॅप लावून गाऊ दे.

आणि पंचमाच्या दोन जादा तारा आणून ठेवा. पहिल्या आठवड्यात एक तुटणारच.