इंग्रजी अल्बम करू पाहणाऱ्या गायिकेस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कंपनीने पुढचा अल्बम संपूर्ण इंग्रजीत करण्याचे सुचवले आहे, आणि तुझ्या हितचिंतकांपैकी कोणीतरी हिकारू उतादा यांचा दाखला देऊन तुला सावध केले आहे. जपानमध्ये सर्वोच्च स्थानी असलेल्या गायिकेने अमेरिकेत जाऊन इंग्रजी अल्बम केला आणि तो तिथे पडला, तर मग तुझे काय होईल, असा त्यांचा सवाल आहे. दाखला चांगला आहे, परंतु तो अर्धाच सांगितला गेला आहे. तू निर्णय घेण्यापूर्वी उरलेला अर्धा तुझ्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

उतादा यांचा जन्म 1983 चा, न्यूयॉर्कमधला. आई केइको फुजी एन्का या जुन्या वळणाच्या जपानी भावगायकीतल्या नामवंत गायिका आणि वडील संगीत निर्माते, त्यामुळे रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि दोन भाषा या दोन्ही गोष्टी त्यांना लहानपणापासूनच लाभल्या. त्यांचा जपानमध्ये निघालेला पहिला एकल अल्बम 1998 च्या जानेवारीतला, ‘क्युबिक यू’ या नावाने केलेला आणि इंग्रजीच होता. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानी भाषेतले ‘ऑटोमॅटिक’ हे गाणे आले आणि मार्च 1999 मध्ये ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम. या अल्बमच्या 70 लाखांहून अधिक प्रती एकट्या जपानमध्ये खपल्या, आणि तो त्या देशात सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला.

‘ऑटोमॅटिक’च्या पहिल्या ओळीकडे तुझे लक्ष वेधतो, कारण तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे. जपानी भाषेचा ताल आपल्या मात्रावृत्तासारखा मात्रांवर चालतो: ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, आणि प्रत्येक मात्रेला साधारण सारखेच वजन. जुन्या पद्धतीची जपानी गाणी बहुधा एका सुरावर एक मात्रा ठेवत पुढे जातात. उतादा यांनी त्या ओळीत शब्द मधोमध तोडले, एका शब्दाचे पहिले अक्षर सुटे उच्चारून क्षणभर थांबल्या, दुसऱ्या शब्दाचे शेवटचे अक्षर पुढच्या वाक्यखंडात ढकलले. न्यूयॉर्कमध्ये कानावर पडलेल्या आर अँड बी या अमेरिकन संगीतप्रकाराची आघातांची, म्हणजे ठरावीक अक्षरांवर जोर देत चालणारी, लय त्यांनी जपानी शब्दांच्या आत बसवली होती. म्हणजे इंग्रजीने त्यांना जे सर्वांत मोलाचे दिले, ते इंग्रजी अल्बमच्या कितीतरी आधी आणि जपानी गाण्यांतच दिले. तुझ्या मराठी गाण्यांतही असे काही घडले आहे का, हे मी तुला आधी तपासायला सांगेन. मला तरी ते क्वचित कुठे ऐकू येते, आणि जिथे येते तिथे तू सर्वांत चांगली गायली आहेस.

आता त्या ‘पडलेल्या’ अल्बमविषयी. ‘एक्सोडस’ 2004 मध्ये ‘उतादा’ या नावाने आयलंड कंपनीकडून आला. बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या 200 लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो 160 व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. जपानमध्ये मात्र ओरिकॉनच्या खपाच्या यादीत तो पहिला होता. अमेरिकन निर्माते टिंबालँड यांनी त्यातल्या तीन गाण्यांवर काम केले आणि एका गाण्यात ‘द मार्स व्होल्टा’ या बँडचे जॉन थिओडोर यांनी ड्रम वाजवले. पण बहुतेक गाण्यांचे शब्द, चाल आणि निर्मिती यांत उतादा स्वतःच होत्या. त्यात त्यांनी चमत्कारिक, कधी अवघड वाटणारी वळणे घेतली, आणि अल्बमच्या सुरुवातीलाच, आपल्याला संगीतप्रकारांच्या सीमा ओलांडण्यापेक्षा समोरच्या माणसापर्यंत पोहोचायचे आहे, अशा अर्थाचे सांगितले. अल्बममध्ये दोष आहेतच. अमेरिकेत पहिले गाणे म्हणून जे पुढे केले गेले, त्यात स्वतःच्या जपानीपणावर यमक जुळवलेली एक थट्टेची ओळ आहे, आणि माझ्या मते इतक्या गंभीर कलाकाराची अनोळखी श्रोत्यांशी अशा ओळीने ओळख करून देणे ही निवडीतली मोठी चूक होती. तुझ्या अल्बममधले पहिले गाणे कोणते असेल हे ठरवण्याचा अधिकार तू सोडू नयेस, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

पाच वर्षांनी, 2009 मध्ये, ‘धिस इज द वन’ आला. या वेळी स्टारगेट आणि ट्रिकी स्ट्युअर्ट यांसारखे त्या काळातले यशस्वी निर्माते होते, गाणी सुटसुटीत होती, आणि अल्बम 69 व्या क्रमांकापर्यंत गेला. आकड्यांनी पाहिले तर ही प्रगती आहे. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐक आणि गायिका कोणत्या अल्बममध्ये अधिक ओळखू येते ते स्वतः ठरव. मी ‘एक्सोडस’च्या बाजूने आहे.

उतादा यांच्याआधी अमेरिकेत नशीब अजमावलेल्या जपानी गायकांचे अनुभव वेगळ्या प्रकारचे होते आणि तुला खरा इशारा तिथे मिळेल. ‘पिंक लेडी’ ही दोन गायिकांची जोडी जपानमध्ये अफाट लोकप्रिय असताना अमेरिकेत गेली. 1979 मध्ये त्यांचे इंग्रजी गाणे बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत 37 व्या क्रमांकावर आले, 1980 मध्ये एनबीसी वाहिनीवर त्यांचा कार्यक्रमही झाला. परंतु इंग्रजी त्यांची नव्हती. संवाद आणि शब्द ध्वनी ऐकून पाठ केलेले होते. तो कार्यक्रम थोड्याच भागांत बंद पडला, दरम्यान मायदेशातला श्रोता दुरावला, आणि 1981 मध्ये जोडीही संपली. सेइको मात्सुदा यांनी 1990 मध्ये इंग्रजी अल्बम केला, त्यातले डॉनी वॉलबर्ग यांच्यासोबतचे युगुलगीत 54 व्या क्रमांकापर्यंत गेले, पण अमेरिकेत त्यांना कायमचे स्थान मिळाले नाही. याउलट क्यू साकामोतो यांचे पूर्णपणे जपानी गाणे 1963 मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. म्हणून, इंग्रजीत गायल्याशिवाय बाहेर कोणी ऐकत नाही, असे कंपनीने तुला सांगितले असेल तर ते तू मान्य करू नकोस.

तुझी इंग्रजी शाळेत आणि वाचनात तयार झालेली आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण गाताना तिच्यावर वेगळे कष्ट घ्यावे लागतील. जोडाक्षरांची अडचण तुला जपानी गायकांइतकी येणार नाही. तुझी अडचण अशी आहे की तू सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हणतेस. इंग्रजीत आघाताचे अक्षर लांबते आणि शेजारची अक्षरे जवळजवळ विरून जातात. प्रत्येक ओळ सुरांशिवाय, मेट्रोनोमवर, बोलून पाहा; आघाताच्या अक्षरांवर पेन्सिलने खूण कर; आणि ती अक्षरे तालाच्या ठोक्यावर किंवा हेतुपूर्वक त्याच्या आधी-मागे येतात का ते बघ. चुकीचे अक्षर समेवर आले तर कितीही सुरेल गायलीस तरी ओळ परकी वाटेल, आणि तो दोष मिक्सिंगमध्ये निघत नाही. आघाताच्या अक्षराच्या आरंभी येणारे प, ट, क इंग्रजीत थोड्या श्वासासह उच्चारले जातात, तर आपण ते कोरडे म्हणतो. हेडफोनवर हा फरक स्पष्ट कळतो. मराठी उच्चाराची छटा मात्र मुळापासून काढून टाकण्याच्या मागे लागू नकोस. अर्थ पोहोचत असेल आणि लय सांभाळली जात असेल, तर ती छटा तुझ्या आवाजाचाच भाग आहे.

उतादा यांची पुढची वाटचालही लक्षात घे. त्या 2010 नंतर काही वर्षे थांबल्या, 2016 मध्ये परतल्या, आणि 2022 च्या जानेवारीत ‘बॅड मोड’ हा अल्बम आला, ज्यात जपानी आणि इंग्रजी दोन्ही गाणी शेजारी शेजारी आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात त्या दोन्ही भाषांत गायल्या. मला वाटते, ‘एक्सोडस’मध्ये स्वतःच्या हिमतीवर केलेली ती धडपड नसती तर इतकी मोकळीक त्यांच्या आवाजात आली नसती.

तेव्हा प्रस्ताव नाकारू नकोस, पण तो आहे तसा स्वीकारूही नकोस. संपूर्ण इंग्रजी अल्बमऐवजी दोन्ही भाषांचा अल्बम करण्याची तयारी आहे का, गीतलेखनात तुझे नाव आणि हक्क राहतील का, पहिले गाणे कोण निवडणार, आणि या काळात मराठी कार्यक्रम करण्यावर काही बंधन असेल का, हे चार प्रश्न कंपनीला लेखी विचार. उत्तरे आली की करारावर सही करण्यापूर्वी ती वकिलाला दाखव, आणि आघातांच्या खुणा केलेले गाण्यांचे कागद माझ्याकडे पाठव. मी ते ओळीओळीने पाहून परत करीन.

तुझा,
गुरुजी