ब्लॅकच्या तिकिटाबद्दल

प्रिय मित्रा,

तुझ्या आवडत्या बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट मूळ किमतीच्या पाचपट भावाने मिळतंय, घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस. पण एवढा खर्च करून प्रत्यक्ष जाण्यात अर्थ आहे का, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, भरपूर अर्थ आहे.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या वेळचा गोंधळ आठव. २२ सप्टेंबर २०२४ ला विक्री सुरू झाली. नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमची तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. एक कोटीहून जास्त लोक ऑनलाइन रांगेत, आणि थोड्याच वेळात पुनर्विक्रीच्या साइटवर लाखांचे आकडे. लोक हवालदिल झाले. पण त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, पुढे अहमदाबादचे दोन जोडले गेले, आणि त्यातला २६ जानेवारीचा तर घरबसल्या थेट पाहता आला. पहिल्या दिवशीचा भाव भीतीने फुगलेला असतो. कार्यक्रम जवळ आला की कोणाचं काम निघतं, कोणी आजारी पडतं, आणि दलालालाही ठाऊक असतं की पहिलं गाणं सुरू झालं की हातातलं तिकीट रद्दी आहे. तेव्हा भाव उतरण्याची शक्यता बरीच असते. खात्री मात्र नाही, आणि नाही मिळालं तर नाही, ही तयारी ठेव.

स्क्रीनशॉटवर तर पैसे अजिबात देऊ नकोस. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकता येतो. गेटवर जो आधी पोचेल तो आत जातो, बाकीच्यांना स्कॅनर नाकारतो, आणि तिथे उभ्या असलेल्या पोराला कितीही विनवलंस तरी त्याच्या हातात काही नसतं. ओळखीचं कोणी मूळ किमतीत देत असेल तर आधी ॲपवर तिकीट तुझ्या नावावर करून घे, मग पैसे दे. कायद्याच्या भरवशावर राहू नकोस. पुनर्विक्रीबद्दलची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम, अशी न्यायालयाची भूमिका होती.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की वरच्या पैशातला एक रुपयाही गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, साउंडवाल्याला मिळत नाही.

आता प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल. पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अजून दर डिसेंबरला भरतो. तिथे भारतीय बैठकीत, खाली मांडी घालून बसून बघ. आधी तानपुरे सुरात लागतात, त्यात बराच वेळ जातो, कोणी घाई करत नाही. मग आलाप. द्रुत लयीत एखादी तान इतकी लांबते की आता ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते कशी, असं वाटतं. गायक तबलजीकडे नुसतं बघतो, सम बरोब्बर पडते आणि अख्ख्या मंडपातून एकदम 'वा!' निघतं. त्या 'वा'मध्ये तूही असतोस. मोबाइलवर तान ऐकू येते, पण ती दाद तुझी नसते. स्टेडियममध्ये हजारो गळे एक ओळ गातात तेव्हाही हेच घडतं, म्हणून तुझ्या आवडत्या बँडला मी कमी लेखत नाही. मूळ किमतीत मिळालं तर पोटाला चिमटा काढूनही जा.

नाहीच मिळालं, तर डिसेंबरमध्ये इकडे ये. लवकर कळव, म्हणजे दोघांची तिकिटं एकदमच काढतो.

तुझा,
काका