सोलापुरात महिला छायाचित्रकारांचं प्रदर्शन: व्हॉट्सॲपवर आलेले फोटो १२×१८ इंचांत छापता येतील का?
नाही, फुटतील. साध्या पाठवणीत व्हॉट्सॲप लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. १८ इंचांत ते इंचाला ८९च पडतात, हवेत निदान २००, म्हणजे २४००×३६००. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. कागद मॅट घ्या, चकचकीतवर ट्यूबलाइटच दिसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुहेरी टेप सुटते. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ पाटीवर) चिकटवून दोरीनं टांगा. फोटोखाली तीन-चार ओळी पुरे, पण गोष्ट नेमकी हवी: भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं ‘डालडा १३’ हे टोपणनाव गाडीच्या ‘डीएलडी १३’ नंबरावरून पडलं, असलं काही वाचायला माणूस थांबतोच. मात्र त्यांचे फोटो नेटवरून उतरवून लावू नका. संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे, आधी त्यांना विचारा.